मामांचा घरजावई

१९९८ च्या मे महिन्यात हिंगणघाट येथील एका कूलर विक्रेत्याने घरातला एकुलता एक कूलर पत्नीच्या खाटेसमोरून उचलला आणि कुंडीतल्या एका झुडपासमोर नेऊन ठेवला. त्या दुपारी रस्त्यावरचे डांबर चपलेला चिकटत होते. हे विक्रेते म्हणजे माझ्या पत्नीचे सख्खे मामा. वर्धा जिल्ह्यात बातमीदारी करताना मी पुढारी, मांत्रिक, कापसाचे दलाल आणि आमरण उपोषणकर्ते जवळून पाहिले. पण एवढ्या मनापासून, एवढ्या पद्धतशीरपणे आणि एवढ्या आनंदाने चुकणारा माणूस दुसरा पाहिला नाही.

कूलर विकणाऱ्याच्या घरात एकच कूलर का, याचा खुलासा आधी करायला हवा. होळी झाली की मामांच्या दुकानात पत्र्याच्या कूलरांची रांग लागे आणि मागच्या अंगणात कूलरच्या जाळीला लावायच्या वाळ्याच्या ताट्यांचा ढीग पडे. मामांना गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नसे. मे उजाडेपर्यंत दुकान रिकामे होई. मग वडनेरहून किंवा गिरडहून कोणी घामाघूम माणूस येऊन "म्हातारी तळमळून राह्यली जी" म्हणे, आणि मामा घरातला चालू कूलर टाकीतल्या पाण्यासकट त्याच्या बैलबंडीत चढवून देत. एकदा मामी दुपारी झोपल्या तेव्हा समोर कूलर होता, उठल्या तेव्हा भिंत होती. तेव्हापासून त्यांनी आपला कूलर खिडकीच्या गजाला साखळीने बांधून घेतला आणि कुलपाची किल्ली कमरेला खोचली. झुडपासाठी तो हलवायची वेळ आली तेव्हा मामांनी साखळीला हात लावला नाही. त्यांनी खिडकीचा गज कापला. साखळी नवी होती, असे त्यांचे म्हणणे पडले.

मामी वडनेरच्या. वणा नदीचा पूर सोडला तर मोठे पाणी त्यांनी पाहिलेले नव्हते. लग्नाच्या बैठकीत मामांनी "पोरीले समुद्र दाखवीन" असा शब्द दिला होता. बैठकीला हजर असलेले दोन म्हातारे मला वेगवेगळे भेटले आणि दोघांची माहिती तंतोतंत जुळली. हा शब्द मामांनी कधी नाकारला नाही. फक्त उन्हाळा म्हणजे हंगाम, पावसाळ्यात गंजलेले कूलर दुरुस्तीला यायचे आणि हिवाळ्यात पुढच्या हंगामाचे पत्रे कापायचे असत. "वर्षाले चौथा ऋतू असता तं कवाच गेलो असतो," असे ते म्हणत, आणि त्यांना ते खरेच वाटे. अखेर त्या वर्षीच्या जानेवारीत ते अंदमानच्या प्रवासाची तिकिटे काढायला सकाळच्या गाडीने नागपूरला गेले. संध्याकाळी परतले ते छातीशी एक कुंडी धरून.

"तिकिटं?" मामींनी दारातच विचारले.

"तिकिटं कायले? बेटच आणलं," मामा म्हणाले.

"समुद्र दाखवतो म्हणाले अन् कुंडी आणली!"

"अव, समुद्रातल्या बेटावरची कुंडी हाय. समुद्र पाहाले लोक जातात, तुह्या घरी चालत आला. पाय धुवाले पाणी तं दे."

घडले होते ते असे. स्टेशनजवळ फुलांचे प्रदर्शन लागले होते आणि मामा सावलीसाठी आत शिरले. कलकत्त्याच्या एका नर्सरीवाल्याने त्यांना हे झुडूप आणि त्याच्या फुलाचे रंगीत चित्र दाखवले. झुडूप तेव्हा गुडघ्याएवढे होते. पाने जाड, तुकतुकीत, शिरा अशा उठून दिसणाऱ्या की कोणी आत दोरी घालून वरून इस्त्री फिरवली असावी. चित्रात पानांखालून गुलाबी फुले लोंबत होती. वर मोठमोठ्या पाकळ्यांची छत्री, खाली द्राक्षांसारखा घड, सगळे मिळून लग्नमंडपातले झुंबर. "टापू का पौधा है सेठ, बारा महीने बारिशवाले जंगल का," नर्सरीवाला म्हणाला. मामांनी एकच प्रश्न विचारला, "हिंगणघाट में चलेगा?" नर्सरीवाला म्हणाला, "दिल लगाओगे तो चलेगा." कोणता टापू, म्हणजे कोणते बेट, हे विचारायचे राहून गेले. मामांनी ते अंदमान ठरवले, कारण तिकिटे तिथलीच काढायची होती.

मामींनी त्या रात्री जेवायला वाढले, पण ताटाकडे न बघता. दुसऱ्या दिवशी मामांनी तह मांडला. आता या कोवळ्या झाडाला सोडून कुठे जाणार? ते जरा रुळू दे. "फूल येऊ दे, दुसऱ्या दिवशी निघू. माहा शब्द." मामी म्हणाल्या, "पह्यला शब्द कुठी गेला?" मामा म्हणाले, "त्याच्यातच मिळवला." अशा रीतीने मामींचा समुद्र त्या झुडपाच्या फुलावर अडकला. रोज सकाळी चहा ठेवण्याआधी मामी खाली वाकून एकेक पान उचलून पाहत आणि मग सरळ उभ्या राहून म्हणत, "नाई." घरात बाकी कोणाला दिवसाची सुरुवात इतक्या नेमकेपणाने करताना मी पाहिले नाही.

मामा-मामींना मूलबाळ नव्हते. माझी पत्नी सुट्ट्यांमध्ये त्यांच्याकडेच वाढली, त्यामुळे त्या घरातला जावयाचा मान माझा होता. कूलरसमोरची खाट, आमरसाची पहिली वाटी आणि मामांचे "जावईबापू, बसा जी" हे तीन हक्क मला लग्नापासून मिळालेले होते. त्या मेमध्ये मी नेहमीप्रमाणे जाऊन बसलो, तर मामा म्हणाले, "जरा सरकता का? त्याले वारा अडून राह्यला."

"कोणाला?"

"जावयाले."

मी मागे पाहिले. मागे कुंडी होती. मामांनी मुद्देसूद स्पष्टीकरण दिले. "जावई कसा असते सांगा. लोकाच्या घरून येते. बसल्या जागी खाते. कामधंदा इचारला तं चालत नाई. रुसला तं पान हलवत नाई. अन् आपन त्याले काई म्हनाचं नाई. मंग याच्यात अन् जावयात फरक काय?" माझ्या हातात आमरसाची वाटी होती. मी ती खाली ठेवली. स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला, "पोरगी नाई घरात, अन् घरजावई आणून बसवला!"

यानंतर जावयाचे सगळे सोपस्कार झुडपाकडे वर्ग झाले. दिवाळीच्या पाडव्याला त्याला उपरणे मिळाले. अधिक महिन्यात अनारशांच्या ताटाची वाटणी झाली. झुडपापुढचे अनारसे मुंग्यांनी दुपारपर्यंत नेले आणि "जेवला पोट भरून" असे मामांनी जाहीर केले. आल्यागेल्याने झुडपासमोर तापमानाचा आकडा उच्चारायचा नाही, असा नियम झाला. उन्हाळ्यात आमच्या दैनिकाची मुख्य बातमी तापमान हीच असे, त्यामुळे या नियमाची झळ मला सर्वांत आधी लागली. मी उंबऱ्यात पोचलो की मामा हात आडवा करत. "पेपर बाहेर ठेवा जी. तुमी पह्यल्या पानावर सत्तेचाळीस लिवता. त्याले धसका बसन." त्या खोलीत फार तर "जरा ऊन हाय" एवढे म्हणायला परवानगी होती. एकदा गिरडचे एक गिऱ्हाईक दारातच भोवळ येऊन बसले. मामांनी त्याच्या डोक्यावर तांब्या ओतला आणि हळूच विचारले, "काय झालं भाऊ?" तो माणूस माहीतगार असावा. त्याने आधी आतल्या कुंडीकडे पाहिले आणि म्हणाला, "काई नाई जी. जरा ऊन हाय."

पहिल्या पावसाळ्यात मामांना वाटले की झुडपाला करमत नाही. "जंगलात आवाज असते. इथं काय आयकते बिचारा? माहा पत्रे ठोकाचा." मग ते वणेच्या काठावरून बादलीभर बेडूक घेऊन आले आणि कूलरच्या टाकीत सोडून दिले, कारण घरात पाण्याची दुसरी मोठी सोय नव्हती. दोन दिवस आवाज उत्तम आला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या शिक्षिकाबाई चहाला आल्या होत्या. मामांनी त्यांना गार वारा मिळावा म्हणून कूलर चालू केला आणि टाकीतल्या मंडळींनी एकमताने बाहेरचा रस्ता धरला. एक शिक्षिकाबाईंच्या पर्सवर बसला, काही देवघराकडे गेले आणि सर्वांत मोठा कणकेच्या परातीत उतरला. मामी जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी फक्त आवाज दिला, "अजी, जावयाकडचे वऱ्हाडी आले सैपाकघरात. पंगत वाढू का यायले?"

शिक्षिकाबाईंचे घर भिंतीला भिंत लागून. त्यांच्याकडे मामांच्याच दुकानातला कूलर होता. आपल्या घरचा कूलर जावयाकडे गेल्यापासून मामी उन्हाळ्याच्या दुपारी तिथे जाऊन पडत. बाईंकडे ब्रह्मकमळही होते. ते दर पावसाळ्यात फुले आणि सगळ्या गल्लीला बोलावणे जाई. लोक हातपाय धुऊन जात, फुलाला हळदकुंकू वाहत, कॉफी पीत आणि धन्य होऊन परतत. मामांनाही जावे लागे. ते हात जोडून "छान हाय" म्हणत, घरी येत, झुडपासमोर उकिडवे बसत आणि विचारत, "काऊन रे बाबा? तुले काय कमी हाय?"

कमी काहीच नव्हते. भारनियमनात वीज गेली की दुकानावर गिऱ्हाईक ताटकळत उभे असे आणि मालक आत ओल्या चादरीने झाडाला वारा घालत असत. हिवाळा आला की कुंडीला कोमट पाणी, शेजारी मोठा बल्ब आणि अंगाला स्वेटर. हा स्वेटर मामी माझ्यासाठी विणत होत्या. मामांनी कुंडीवर घालून पाहिला, बरोबर बसला, आणि विषय संपला. झुडूप कमरेपर्यंत आले, पाने ताटाएवढी झाली. फूल आले नाही.

मामा त्याला एकट्याला कुठेही ठेवत नसत. नाचणगावला मामींच्या मावसबहिणीच्या मुलीचे लग्न होते. मामांनी झुडूप ओल्या पोत्यात गुंडाळून जीपने नेले आणि मांडवात गार जागा शोधून ठेवले. ती जागा रुखवताची होती. पुरणाच्या करंज्या, मण्यांची तुळस आणि लोकरीचा मोर यांच्या मध्ये ते झुडूप असे काही शोभले की बाया त्याच्याभोवतीच जमल्या आणि कोणीतरी त्यावर "मावशीकडून" अशी चिठ्ठी खोचली. मामा जेवणावर होते. हात धुऊन आले तेव्हा रुखवत टेम्पोत चढून गेले होते. मामांनी कोणाची तरी लुना घेतली आणि देवळीच्या वाटेवर टेम्पो गाठला. टेम्पोमागे नवरीची गाडी होती. नवरी रडत होती. मामा तिच्यापेक्षा मोठ्याने रडत टेम्पोच्या फाळक्याला लटकले. "थांबवा हो, थांबवा! माह्या घरचा जीव चालला!" रस्त्यावरच्या लोकांना वाटले, हे मुलीचे वडील. दोघातिघांनी त्यांना मिठीत घेऊन धीर दिला. नवरदेवाने खाली उतरून पाया पडून सांगितले, "काळजी नका करू काका, मी सुखात ठेवीन." मामा म्हणाले, "तू नाई ठेवू शकत. तुह्या घरी टाकी तरी हाय का?" झुडूप परत मिळाले. त्या नवरदेवाने पुढे मामांच्या दुकानातून कूलर घेतला.

चार वर्षे अशी गेली. मामींच्या सकाळच्या "नाई"मध्ये फरक पडला नव्हता, पण आवाज बारीक झाला होता. २००२ च्या जानेवारीत शिक्षिकाबाई सरकारी प्रवास सवलतीवर अंदमानला निघाल्या. बरोबर त्यांचे यजमान आणि सासूबाई. ऐनवेळी सासूबाई म्हणाल्या की पाण्यावर चालणाऱ्या गाडीत मी बसणार नाही. जागा रिकामी झाली. मामींनी मामांना विचारले नाही, कळवले.

"मी चालली. तुमी अन् जावई राहा सुखानं."

"फूल येऊ दे म्हनलो होतो ना?"

"त्याचं फूल येईन तवा येईन. माहे गुडघे तवर राहाले पायजेत ना समुद्रात उभे राहाले."

तिसऱ्या दिवशी मामांनी मामींची बॅग स्वतः भरली. स्टेशनवर ते टोपी आणि स्लिपर अशा वेशात, दशम्यांची पिशवी आणि पाण्याची सुरई घेऊन आले. सुरई गार राहावी म्हणून तिला वाळ्याची ताटी गुंडाळली होती. गाडी आली. मामा बॅग लावायला डब्यात चढले. बॅग या बाकाखाली नको, तिथे पाय लागतात. त्या बाकाखाली नको, तिथे पाणी सांडते. असे करता करता गाडी हलली.

"अजी, गाडी सुटली! उतरा!"

"सुटू दे व. बॅग नीट बसली नाई अजून."

पुढचा तपशील शिक्षिकाबाईंनी दिलेला आहे आणि त्यांच्या यजमानांनी त्याला दुजोरा दिला आहे. बल्लारशाहला गाडी बराच वेळ थांबते. तिथे उतरून परतीची गाडी धरणे सहज शक्य होते. मामा उतरले. त्यांनी फलाटावर चहा घेतला. मग दोन कप घेऊन ते परत डब्यात चढले आणि एक मामींच्या हातात दिला. तिकीट तपासनीस आल्यावर त्यांनी सरळ सांगितले, "बॅग लावायले चढलो होतो साहेब. कुठपर्यंत लावू?" त्याने पुढचे तिकीट फाडून दिले. आंध्रात पोचल्यावर मामांनी खिशात हात घातला आणि त्यांचा चेहरा पडला. झुडपाच्या खोलीच्या कुलपाची किल्ली खिशात होती. हे कुलूप त्यांनी मामींनी कूलर परत नेऊ नये म्हणून लावले होते आणि त्याला दुसरी किल्ली नव्हती.

चेन्नईत जहाजावर मामांसाठीही एक जागा मिळाली. तिथून त्यांनी दुकानात फोन केला. दुकानातल्या कारागिराने विचारले, कुलूप तोडू का? "नको," मामा म्हणाले. "हातोड्याच्या आवाजानं दचकन थो." अशा प्रकारे जगात आल्यापासून पहिल्यांदा त्या झुडपाला कोणी हात लावू शकत नव्हते. पाणी नाही, बल्ब नाही, स्वेटर सारखा करायला कोणी नाही.

समुद्र मामींनी चेन्नईला पाहिला. शिक्षिकाबाई सांगतात की मामी सरळ पाण्याकडे चालत गेल्या. चपला हातात घेऊन पाण्यात उभ्या राहिल्या. मामा शेजारी टोपी धरून उभे होते. वारा अंगावर आल्यावर ते म्हणाले, "ताट्या नाई, पंप नाई, अन् वारा पाहा! फुकटचा कूलर हाय व हा." मामी पाण्याकडेच पाहत होत्या. "तुमी काऊन नाई आणलं मले आंधी?" त्यांनी विचारले. मामा म्हणाले, "तू काऊन नाई ओढून आणलं?" यावर दोघेही हसले आणि मामांची एक स्लिपर लाटेबरोबर गेली. दुसरी त्यांनी स्वतःच सोडून दिली. "एक काय कामाची, जोडीनं जाऊ दे," असे ते म्हणाल्याचे सांगतात. अंदमानात ते पुढचे सगळे दिवस अनवाणीच फिरले.

तिथे पोचल्यावर मामा व्याह्यांच्या शोधात निघाले. पाकिटात झुडपाचा फोटो होता. पाडव्याच्या दिवशीचा, उपरण्यासह. तो त्यांनी हॉटेलवाल्याला, नारळवाल्याला, बोटीवरच्या खलाशांना दाखवला. "याच्या घरचं कोनी हाय का इथं?" कोणी ओळख दाखवली नाही. शेवटी एका सरकारी बागेत वनस्पतिशास्त्राच्या एक मॅडम भेटल्या. त्यांनी फोटो पाहिला, उपरण्याबद्दल काही विचारले नाही, आणि सांगितले की ही मेडिनिला, फिलिपिन्सच्या बेटांवरची, डोंगरातल्या पावसाळी जंगलातली. अंदमानशी हिचा संबंध नाही. मामा खाली बसले. मामी म्हणाल्या, "म्हणजे चार साल आपन भलत्याच गावाशी सोयरीक सांगून राह्यलो होतो." मग त्यांनी विचारले, "हे फिलिपिन्सही समुद्रातच हाय का?"

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मंडळी परतली. मी आणि पत्नी स्टेशनवर होतो. मामा नव्या चपला घालून उतरले आणि कोणाशी न बोलता घराकडे चालू लागले. कुलूप उघडले. खोली गार आणि कोरडी होती. झुडपाची बरीच पाने गळून कुंडीभोवती पडली होती, उरलेली लोंबत होती, स्वेटर एका खांद्यावरून उतरला होता. मामा त्याच्यासमोर जमिनीवर बसले. मामींनी पुढे होऊन खोडाला नख लावून पाहिले. "जित्ता हाय," त्या म्हणाल्या. मामांनी पाण्याची बादली उचलली, बल्ब शोधला, कोमट पाण्याला आवाज दिला. मामींनी त्यांच्या हातातून बादली काढून घेतली, कुंडीत एक तांब्या ओतला आणि खोलीची किल्ली साखळीच्या किल्लीशेजारी आपल्या कमरेला लावली.

होळीच्या आसपास एका सकाळी मामी वाकल्या आणि नेहमीचा शब्द आला नाही. मामांनी बाहेरून विचारले, "काय?" मग ते आत गेले. पानाच्या बगलेतून गुलाबी टोक बाहेर आले होते. गुढीपाडव्यापर्यंत ती छत्री उघडली आणि खाली घड उतरला, मग दुसरा, मग तिसरा. चित्रात होते तसेच, फक्त चित्राला तो रंग नीट जमला नव्हता. मामी म्हणाल्या, "तुमी नव्हते म्हणून फुललं. चार साल निरे उरावर बसले होते त्याच्या. पाजून पाजून झोपूच देत नव्हते. जावयाले एकटं सोडा लागते कवा कवा."

"मले काय ठाऊक?" मामा म्हणाले. "मले पोरगी नाई."

गल्लीला बोलावणे गेले. दर्शन सकाळपासून सुरू झाले. मामांनी ताट्या नव्या लावल्या होत्या, अंगणात पन्ह्याचे पिंप होते, आणि लोक हातपाय धुऊन रांगेत उभे होते. गिरडहून, वडनेरहून जुनी गिऱ्हाइके आली. नाचणगावची ती नवरी कडेवर मूल घेऊन आली. शिक्षिकाबाईंनी फुलाला हळदकुंकू वाहिले आणि "छान हाय" म्हटले. मामांनी त्यांच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतले. आमच्या दैनिकात आतल्या पानावर एकस्तंभी बातमी आली. मथळ्यात तापमान नव्हते. तो अंक मामांनी मला खोलीत आणू दिला आणि झुडपापुढे उघडून धरला. "पाहा, छापून आला," त्यांनी त्याला सांगितले.

तेव्हापासून दर जानेवारीत मामा खोलीला कुलूप लावत, किल्ली मामींच्या हवाली करत आणि त्यांना घेऊन समुद्रावर जात. पुरी झाली, रामेश्वर झाले, द्वारका झाली, कन्याकुमारीला तर दोनदा गेले. पत्रे कापायचे काम कारागिराकडे गेले आणि वर्षाला चौथा ऋतू सापडला. कोणी विचारले, कुठे चाललात, तर मामा गंभीरपणे सांगत, "फुलवायले चाललो." फिलिपिन्सची चौकशीही त्यांनी नागपूरला जाऊन केली होती. दर वर्षी चैत्रात झुडूप फुलले. माझा स्वेटर मला परत मिळाला. मामींचा कूलर मात्र तिथेच राहिला, कारण उन्हाळ्यात जावयाला वारा लागतोच, यावर मामा ठाम होते. मे महिन्यात मामी शिक्षिकाबाईंकडे जाऊन पडत आणि तिथून भिंतीपलीकडे ओरडून विचारत, "झोपला का जावई?"

२००७ च्या पावसाळ्यात मामा गेले. दुकान कारागिराने चालवायला घेतले. पुढच्या जानेवारीत मामींनी खोलीला कुलूप लावले आणि त्या वर्ध्याला आमच्याकडे येऊन राहिल्या. पत्नीने समुद्राचा विषय काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, "पाह्यला वं बाई." दोन्ही किल्ल्या कमरेला होत्या. फेब्रुवारीत त्या परत गेल्या. चैत्रात झुडूप फुलले.

मे महिन्यात मी हिंगणघाटला गेलो. दुपारची वेळ होती. मी उंबऱ्यात पोचलो तसा आतून मामींचा आवाज आला, "पेपर बाहेर ठेवा जी." मी पेपर बाहेरच्या खुर्चीवर ठेवला आणि आत गेलो. मामींची खाट त्या खोलीत आणलेली होती, कुंडीच्या मागे, भिंतीला लागून. कूलर चालू होता. त्याचे तोंड झुडपाकडे होते.